वाळूवरचा ठेका

सकाळचे आठ वाजलेले असतात. होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर दहा-अकरा फुटी मऊ फळ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांवर पाच-सहा पर्यटक पालथे पडलेले असतात, कोरड्या वाळूत. समोरचा माणूस त्यांना उठायला शिकवतो: हात छातीपाशी टेका, एका झटक्यात उभे राहा, मागचा पाय आडवा, गुडघे सैल, नजर किनाऱ्यावर, पायांकडे पाहिलेत की पडलात. दहा-पंधरा मिनिटांत ही शिकवणी आटोपते आणि मंडळी फळ्या घेऊन पाण्यात शिरतात. किनाऱ्यापासून काही अंतरावर 'कनूज' नावाची जागा आहे. तिथे लाट सावकाश फुटते आणि बराच वेळ चालते, म्हणून नवशिक्यांना तिथेच नेतात. शिकवणारा आता फारसे बोलत नाही. शिकाऊ माणसाच्या फळीचे शेपूट हातात धरून तो क्षितिजाकडे बघत बसतो. एक लाट येते, तो हलत नाही. दुसरी येते, तिसरी येते. शिकाऊ माणूस अधीर होतो. चौथ्या लाटेला तो फळीला एक नेमका धक्का देतो आणि ओरडतो, 'उठा!' पर्यटक उभा राहतो, चार-पाच सेकंद लाटेवर सरकत जातो आणि पडता पडता ठरवतो, की हे आपल्याला जमते. त्याने पैसे मोजलेले असतात ते या भावनेसाठी. शिकवणाऱ्याची खरी कमाई मात्र त्या धक्क्यात नाही, सोडून दिलेल्या तीन लाटांत आहे.

या लोकांना गेली शंभराहून अधिक वर्षे 'बीचबॉय' म्हणतात; साठीच्या माणसालासुद्धा. पिढीजात धंदे हा या अंकाचा विषय ठरला की आपल्या डोळ्यांपुढे सोनार, कुंभार, कासार येतात. अर्धी चड्डी घालून पाहुण्यांना हसवणारा, दिवसा लाटा शिकवणारा आणि संध्याकाळी युकुलेले वाजवणारा माणूस त्या यादीत बसत नाही. त्याच्याकडे बघण्याच्या दोनच रीती आजवर चालत आल्या. एक भाबडी: निसर्गाच्या कुशीत मजेत राहणारा निश्चिंत माणूस. दुसरी कडवट: हॉटेलवाल्यांनी पर्यटकांपुढे नाचवलेले बाहुले. माझे म्हणणे असे, की दोन्ही रीती एकच चूक करतात. दोन्हींना त्याचे काम दिसत नाही. बीचबॉय हा कारागीर आहे. त्याचे भांडवल म्हणजे एका विशिष्ट पाण्याची बारीक माहिती, आणि अनोळखी माणसाची भीती ओळखून ती उतरवण्याची हातोटी. हे भांडवल फक्त सहवासातून एका पिढीकडून दुसरीकडे जाते. आज ते धोक्यात आले आहे याचे कारण पर्यटन हे नव्हे. वाळूवरच्या जागेला बाजारात भाव आहे आणि या माहितीला नाही, हे कारण आहे.

जमीन गेली, पाणी राहिले

हवाई बेटांवर लाटांवर उभे राहणे हा राजापासून रयतेपर्यंत सगळ्यांचा खेळ होता. १८२० मध्ये बोस्टनहून मिशनरी आले आणि त्यांना या खेळातली नग्नता, जुगार आणि रिकामटेकडेपणा खुपला. पण खेळ ओसरला तो त्यांच्या प्रवचनांपेक्षा रोगांमुळे. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथींनी माणसेच संपवली. अठराव्या शतकाच्या शेवटी मूळ हवाईयनांची जी लोकसंख्या बहुतेक अंदाजांनुसार दोन लाखांच्या वर होती, ती १८९० च्या शिरगणतीत मिश्र वंशाचे लोक धरूनही सुमारे ४० हजार उरली. सर्फिंग मेले आणि मग गोऱ्यांनी ते जिवंत केले, ही बरीच वर्षे सांगितली गेलेली कथा मात्र खरी नाही. १८८५ मध्ये शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात असलेल्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझला रेडवुडच्या फळ्या कापून घेतल्या आणि तिथल्या लाटांवर स्वार झाले. मेलेला खेळ परदेशी जाऊन कोणी खेळत नाही.

१८९३ मध्ये साखरमळेवाल्यांच्या गटाने अमेरिकी नौसैनिकांच्या जोरावर राणी लिलिउओकलानीला पदच्युत केले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात विलीन करून घेतली. वायकीकी तेव्हा पाणथळ होते. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर अळूची खाचरे, मत्स्यतळी, पुढे चिनी शेतकऱ्यांची भातशेती. १९०१ मध्ये किनाऱ्यावर मोआना हॉटेल उभे राहिले. १९२१ ते १९२८ या काळात आला वाई नावाचा कालवा खणून ओढे वळवले गेले, पाणथळ बुजवली गेली आणि त्या भरावावर भूखंड पडले. जिथे पुढे ऑलिंपिक जलतरणपटू झालेला ड्यूक कहानामोकू लहानाचा मोठा झाला त्या कालिया भागात त्याच्या आजोळच्या पाओआ कुटुंबाची जमीन होती. आज तिथे एका बड्या हॉटेल-साखळीचे मनोरे आहेत. ओढ्यांच्या गोड्या पाण्यात पोवळे वाढत नाही, म्हणून त्यांच्या मुखांसमोर खडकात नैसर्गिक वाटा पडलेल्या होत्या. ओढे गेले, वाटा बऱ्याच अंशी राहिल्या. फळी घेऊन बाहेर जाताना जाणता माणूस त्या वाटा अजून वापरतो, कारण तिथे लाट फुटत नाही आणि दम वाचतो.

अशी जमीन पायाखालून सरकत असताना उरले ते पाणी. लाटेला कुंपण घालता येत नाही. १९०७ मध्ये लेखक जॅक लंडन वायकीकीला आला, फळीवर पडला-धडपडला, आणि त्याने अमेरिकी मासिकांत त्याचे वर्णन लिहिले. त्याला या नादाला लावणारा अलेक्झांडर ह्यूम फोर्ड याने १९०८ मध्ये आउटरिगर कनू क्लब काढला. त्याचे बहुतांश सभासद गोरे होते. हवाईयन आणि मिश्र वंशाच्या तरुणांनी मोआनाच्या आवारात एका झाडाखाली जमून हुई नालू ही आपली संस्था उभी केली. १९११ मध्ये ती रीतसर स्थापन झाली. हवाईयन इतिहासकार आयझाया हेलेकुनिही वॉकर यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे, की लाटा फुटतात तो पट्टा हवाईयन पुरुषांनी वसाहतकाळात आपल्या ताब्यात ठेवला. जमिनीवर जो नोकर, तो तिथे मालक. जमिनीवर जो साहेब, तो तिथे हात जोडून 'आता उठू का?' असे विचारणारा.

यावर आक्षेप घेता येतो, की प्रतिकार हा शब्द फार मोठा झाला. हॉटेलच्या पगारावर किंवा पाहुण्याच्या बक्षिसीवर जगणारा माणूस कसला प्रतिकार करणार? आक्षेपात तथ्य आहे. पण त्या काळात या माणसांना काय पणाला लावावे लागे तेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर १९३१ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याच्या बायकोने पाच स्थानिक तरुणांवर अत्याचाराचा आरोप केला. खटल्यात ज्युरींचे एकमत झाले नाही. पुढच्या जानेवारीत त्या पाचांतल्या जोसेफ कहाहावाई याला पळवून नेऊन गोळी घालण्यात आली. मारणाऱ्यांचे वकीलपत्र क्लॅरेन्स डॅरो या नामांकित वकिलाने घेतले, सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली आणि गव्हर्नरने ती एका तासावर आणली. तो तासही त्याच्या कचेरीत बसून काढायचा. अशा शहरात सावळ्या पुरुषाने परक्या गोऱ्या बाईचा हात धरून तिला खोल पाण्यात नेणे हे रोजचे काम होते आणि ते चालू राहिले. याला प्रतिकार म्हणा किंवा म्हणू नका. विश्वास कमवण्याची कला मात्र म्हणावेच लागेल, आणि त्या कलेत चूक झाली तर किंमत एकाच बाजूने मोजली जाणार होती.

टोपणनावांची फौज

विमाने येण्यापूर्वी पाहुणा जहाजाने येई. सॅन फ्रान्सिस्को किंवा लॉस एंजेलिसहून चार-पाच दिवसांचा प्रवास करून आलेला माणूस दोन दिवसांत परत जात नाही. तो आठवडे राही, कधी सबंध मोसम. १९२७ मध्ये मॅटसन जहाज कंपनीने गुलाबी रंगाचे रॉयल हवाईयन हॉटेल उघडले ते याच पाहुण्यांसाठी. एका बीचबॉयच्या वाट्याला एखादे श्रीमंत कुटुंब येई आणि मग मुलांना पोहायला शिकवणे, आईच्या पाठीला खोबरेल चोळणे, बापाला होडीतून लाटांवर नेणे, संध्याकाळी त्यांच्या मेजवानीत गाणे, सारे त्याच्याकडे. दर ठरलेला नसे. मोसमाच्या शेवटी बोटीच्या धक्क्यावर गळ्यात हार घालून निरोप देताना जे हातात पडेल ते. तीसच्या दशकात वायकीकी बीच पेट्रोल या नावाने या कामाला शिस्त लावली गेली, तरी बक्षिसीचे गणित सुटले नाही.

नावे ऐकावीत: टर्की लव्ह, पनामा डेव्ह, स्प्लॅश लायन्स, स्टीमबोट, रॅबिट केकाई, आणि रॉयल हवाईयनचा चिक डॅनियल्स, जो हुला नाचता नाचता चड्डी घसरवून गंभीर चेहऱ्याच्या बँकवाल्यांनाही हसवायचा. कडवट रीतीने बघणाऱ्यांना यात लाचारी दिसते. मला यात धंद्याची समज दिसते. पाण्याला भ्यालेला माणूस आखडतो आणि आखडलेला माणूस फळीवर उभा राहू शकत नाही. हसलेल्या माणसाचे गुडघे सैल होतात. टोपणनावाचेही तसेच. पाहुण्याला जे नाव सहज लक्षात राही, ते पुढच्या वर्षी तारेने आधीच मागितले जाई.

हौशीपणाची झूल पांघरता आली ती ज्यांच्या घरी खायची ददात नव्हती त्यांना. ड्यूक कहानामोकूने १९१२ मध्ये स्टॉकहोमला आणि १९२० मध्ये अँटवर्पला १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पण पोहणे शिकवून पैसे घेतले तर ऑलिंपिकचा हौशी दर्जा जाणार, म्हणून जगातला सर्वांत वेगवान जलतरणपटू किरकोळ नोकऱ्या करत राहिला. त्याच्या भावांवर असे बंधन कमी होते. १९२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा सॅम हा अब्जाधीश वारसदार डोरिस ड्यूक हिचा मित्र आणि लाटांवरचा शिक्षक झाला. ती १९३५ मध्ये मधुचंद्राच्या प्रवासात भारतात गांधीजींना आणि आग्र्याला ताजमहालाला भेट देऊन हवाईला पोचली आणि पुढे तिने तिथे घर बांधले. हा मैत्रीचा संबंध होता की मालक-नोकराचा, हा वाद घालणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: जे शिकवायचे होते त्याबाबतीत हुकूम चालायचा तो सॅमचाच.

होडीत हे अधिक स्पष्ट दिसते. वायकीकीची होडी म्हणजे उलांडीची होडी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ज्याने उलांडी पाहिली आहे त्याला रचना वेगळी समजावून सांगायला नको: एका अंगाला दोन आडव्या दांड्यांनी बांधलेला तरता ओंडका. हवाईत तो नेहमी डाव्या अंगाला असतो. पुढे पाहुणे वल्ही मारतात, मागे कप्तान वल्ह्यानेच सुकाणू धरतो. लाट मागून होडीला उचलते त्या क्षणी उलांडी हवेत उठली तर होडी उजवीकडे उलटते, म्हणून एका जाणत्या माणसाने वेळेवर दांडीवर वजन टाकायचे असते. कोटभर डॉलरचा धनी असलेला पाहुणा त्या क्षणी फक्त वल्हे मारणारा असतो आणि कप्तान म्हणेल तेव्हा थांबतो.

वडाखालचा सूर

आता संगीत. बहुतेक लेखक ते शेवटी तोंडी लावण्यापुरते घेतात. ते या धंद्याच्या गाभ्यातले आहे. मोआना हॉटेलसमोर पूर्वी पाण्यात शिरणारा लाकडी धक्का होता. १९१०-२० च्या दशकांत फळ्या ठेवून झाल्या की बीचबॉय त्याच्या टोकाला बसत आणि वाजवत. पाहुणे हॉटेलच्या गच्चीवरून ऐकत. वाद्येही बंदरातून आलेली. १८७९ मध्ये मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर ऊसमळ्यांसाठी 'रेव्हन्सक्रॅग' जहाजाने आले. त्यांच्यातल्या मानुएल नुनेशसारख्या सुतारांनी आपल्याकडच्या चारतारी छोट्या वाद्यावरून युकुलेले घडवली. ओआहू बेटावरच्या लाईए गावचा जोसेफ केकुकू याने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी तुकडा सरकवायची पद्धत रूढ केली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनानंतर या दोन वाद्यांनी अमेरिका वेडी केली.

१९०४ मध्ये मोआनाच्या अंगणात लावलेला वड, म्हणजे आपलाच भारतीय वड, एव्हाना मोठा झाला होता. १९३५ पासून त्याच्याखालून 'हवाई कॉल्स' हा रेडिओ कार्यक्रम प्रसारित होऊ लागला आणि तो १९७५ पर्यंत चालला. कार्यक्रमात लाटांचा आवाज हवा म्हणून मायक्रोफोन पाण्याच्या कडेला नेत. यातली बरीच गाणी इंग्रजी शब्दांची, हवाईयन चालीची. शुद्धतावादी त्यांना भेसळ म्हणतात आणि शब्द पाहिले तर पुष्कळ ठिकाणी ते बरोबरही आहेत. चंद्र, ताडवृक्ष आणि सावळ्या तरुणी यांपलीकडे त्यांची मजल जात नाही. तरी संदर्भ विसरता येत नाही. १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी सक्तीची झाली होती. हवाईयन भाषेला राजभाषेचा दर्जा परत मिळाला तो १९७८ मध्ये. मधल्या ऐंशी वर्षांत शाळेत बंदी असलेले शब्द, गावांची नावे, वाऱ्यांची नावे ज्या थोड्या ठिकाणी तोंडात राहिली त्यांत गाणे हे प्रमुख. पर्यटकासाठी चार इंग्रजी गाणी झाली की वाजवणारे आपसात जुनी गाणी म्हणत, आणि पोरे ती शेजारी बसून ऐकत. दाखवायचा माल आणि घरचा माल एकाच बैठकीत.

ही आडवी गिटार भारतातही आली. लाईएतच वाढलेला सामोअन वादक ताउ मो याने १९४० च्या दशकात आपल्या कुटुंबासह काही वर्षे कोलकात्यात काढली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले यांनी ती रुळवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने तिच्यावर राग वाजवले. आपल्याकडे वाद्यांच्या दुकानांत तिला 'हवाईयन गिटार' म्हणत. भेसळीला भिणाऱ्यांनी या मींडीकडे लक्ष द्यावे.

लाटा शिकवणे आणि वाजवणे एकाच माणसाकडे का राहिले, याचे उत्तर शिकण्याच्या पद्धतीत आहे. दोन्ही गोष्टी शाळेत शिकवल्या जात नव्हत्या. पोर आठ-दहा वर्षांचे असताना किनाऱ्यावर घोटाळू लागे, फळ्या उचलून देई, मोठ्यांची बोलणी खाई. घराण्याच्या गायकीत शिष्य जसा तंबोरा जुळवता जुळवता कान तयार करतो, तसा हा फळी वाहता वाहता डोळा तयार करी. रॅबिट केकाई (१९२०–२०१६) असाच तयार झाला. त्याला ड्यूकने पाण्यात धडे दिले आणि तो पुढे वयाच्या ऐंशीनंतरही स्पर्धांच्या किनाऱ्यावर काम करताना दिसे. मे ते सप्टेंबर या काळात दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांतून उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर पार करून वायकीकीला पोचतात. त्या एकेकट्या येत नाहीत, गटाने येतात आणि दोन गटांमध्ये पाणी शांत असते. गटातली कितवी लाट नवशिक्याला पेलेल हे आजच्या भरतीवर, वाऱ्यावर आणि खडकाच्या त्या तुकड्यावर अवलंबून. हे पुस्तकात लिहिता येईल, पण पुस्तकातून करता येणार नाही.

बोली कशाची?

१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि त्याच सुमारास जेट विमाने आली. १९६७ मध्ये वर्षाला दहा लाख पाहुण्यांचा आकडा ओलांडला. २०१९ मध्ये तो एक कोटीच्या वर गेला. मोसमभर राहणारा पाहुणा गेला, तासाचा दर आला. आज वायकीकीत पैसे घेऊन सर्फिंग शिकवायला किंवा होडी चालवायला राज्य सरकारचा परवाना लागतो. हे योग्यच आहे. दर्यात माणूस बुडतो. अडचण वाळूवर आहे. सार्वजनिक किनाऱ्यावर फळ्या भाड्याने देण्याची, शिकवणी घेण्याची जागा होनोलुलू शहर निविदा काढून ठराविक मुदतीसाठी देते आणि त्यात बोलीची रक्कम निर्णायक ठरत आली आहे. गंमत अशी, की ज्या वाळूसाठी ही बोली लागते तीही पुष्कळशी बाहेरून घातलेली आहे. २०१२ मध्ये ती समुद्रतळावरून पंपाने उपसून किनाऱ्यावर पसरावी लागली.

खुल्या निविदेत वाईट काय, असा सरळ प्रश्न येईल. किनारा जनतेचा आहे, त्याचे पैसे जनतेला मिळावेत, कोणा चार कुटुंबांची वतनदारी नको. मराठी वाचकाला वतनदारीचे धोके सांगायला नकोत, आणि या धंद्यातही ते होते. बायकांना त्यात जवळजवळ जागा नव्हती. माकाहा गावची रेल सन हवाईतली पहिली महिला जीवरक्षक झाली ती सत्तरच्या दशकात. वायकीकीत वडिलांकडून सर्फिंग शिकलेली हवाईयन वंशाची कॅरिसा मूर टोकियोत महिलांच्या सर्फिंगचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकली, पण 'बीचबॉय' या शब्दात तिची सोय अजून नाही. तेव्हा जुने दिवस जसेच्या तसे परत आणा, असा माझा आग्रह नाही. माझा मुद्दा निविदेच्या मापाचा आहे. सर्वांत जास्त रक्कम देणारा ठेकेदार ती रक्कम वसूल करायला तासाला जास्त माणसे पाण्यात उतरवतो, स्वस्त आणि तात्पुरती माणसे ठेवतो. फळी उचलणारे पोर शेजारी बाळगणे त्याला परवडत नाही, ते विम्यातही बसत नाही. ठेका दुसऱ्याकडे गेला की एका जागी तयार झालेली माणसे पांगतात. शिवाय त्यांनी राहायचे कुठे? घरांच्या किमती अशा, की २०२० च्या जनगणनेत हवाईयन वंशाच्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक लोक हवाईबाहेर राहत असल्याचे आढळले. नोकरीसाठी येणाऱ्याला परवान्याची परीक्षा देता येते. सोडून द्यायच्या तीन लाटा ओळखायला काही मोसम जावे लागतात.

अशी माहिती मोजता येत नाही, म्हणून निविदेत धरता येत नाही, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. त्याला उत्तर ओआहूच्या पश्चिम किनाऱ्यावर, माकाहात आहे. बफेलो केआउलाना तरुणपणी वायकीकीत बीचबॉय होता, नंतर माकाहाला जीवरक्षक झाला. १९७६ मध्ये जुन्या पद्धतीने ताऱ्यांच्या आधारे ताहितीला गेलेल्या 'होकुलेआ' या दुहेरी होडीवर तो होता, आणि १९७७ पासून त्याच्या नावाने माकाहात लांब फळ्यांची स्पर्धा भरू लागली. त्याचा एक मुलगा रस्टी लांब फळीवरचा जगज्जेता झाला. दुसरा मुलगा ब्रायन याने नव्वदच्या दशकात सहकाऱ्यांबरोबर जेट-स्कीला मागे स्लेड बांधून फुटणाऱ्या लाटांतून माणूस उचलून आणण्याची पद्धत बसवली. कुठल्या दोन लाटांच्या मध्ये आत शिरायचे, खडकाच्या कुठल्या अंगाने बाहेर पडायचे, हे त्या पद्धतीचे मर्म, आणि ते बापाच्या पिढीकडून आलेले. आज निरनिराळ्या देशांतली जीवरक्षक दले आणि मोठ्या लाटांचे चित्रीकरण करणाऱ्या चित्रपट कंपन्या त्यासाठी प्रशिक्षण घेतात आणि पैसे मोजतात. होनोलुलूच्या निविदेत बोलीच्या रकमेशेजारी आणखी दोन रकाने घालायला कोणाची हरकत नसावी: ठेकेदाराच्या माणसांनी याच पाण्यात किती मोसम काढले, आणि त्यांच्या हाताखाली सध्या कोण शिकते आहे.